जर्मनीत ऑ पेअर म्हणून जायचंय? आधी काय, मग काय, आणि नेमकं कुठे चुकतं

"ताई, फॅमिली मिळाली, तिकीट पण स्वस्तात मिळालं म्हणून काढून टाकलं, आता व्हिसाला काय काय लागतं?" असा मेसेज मला दर थोड्या दिवसांनी येतो आणि दरवेळी पोटात गोळा येतो, कारण समोरच्या मुलीने आधी कळस आणि मग पाया असं केलेलं असतं. ऑ पेअर म्हणजे परदेशातल्या एका कुटुंबात (होस्ट फॅमिलीत) राहायचं, त्यांची मुलं सांभाळायला हातभार लावायचा, बदल्यात राहणं-जेवण आणि हातखर्च मिळतो, आणि भाषा शिकता येते. मी साताऱ्याची, पुण्यात जर्मन शिकले आणि फ्रायबुर्गजवळच्या एका छोट्या गावात वर्षभर ऑ पेअर म्हणून राहिले. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच मुलींचे आणि दोन मुलांचे कागद बघून दिले. कष्टाला यातलं कुणीच कमी पडत नाही, चुकतो तो क्रम, म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढचीला हात लावू नका. हे सगळं जर्मनीपुरतं आहे, बाकी देशांचे नियम वेगळे असतात.

पायरी १: आपण नियमात बसतो का ते आधी बघा

हे पाच मिनिटांचं काम आहे पण लोक ते सगळ्यात शेवटी करतात.

वय १८ पूर्ण पाहिजे आणि व्हिसाचा अर्ज देताना २७ पूर्ण झालेलं नको. म्हणजे सव्वीस चालू असेल तर तुमच्याकडे वेळ कमी आहे हे लक्षात घ्या, आधी भाषा मग फॅमिली मग कागद यात सहा-आठ महिने सहज जातात. राहण्याची मुदत कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष. आणि जर्मनीत ऑ पेअर एकदाच होता येतं, परत दुसऱ्यांदा नाही, त्यामुळे "बघू जमलं तर, नाहीतर पुढच्या वर्षी परत" असा विचार करून जाऊ नका.

आता आपल्या लोकांची हमखास होणारी चूक. आईला वाटतं, परक्या घरात कशाला, मावशी आहे की म्युनिकला, तिची मुलं लहानच आहेत, तिच्याकडेच जा. हे चालत नाही, होस्ट फॅमिली नात्यातली नको असा नियम आहे. मग दुसरा पर्याय निघतो, ओळखीचं पुण्याचं कुटुंब, नातं काही नाही. तेही बहुतेक वेळा अडतं, कारण घरात जर्मन बोललं गेलं पाहिजे, शक्यतो निदान एका पालकाची ती मातृभाषा पाहिजे, आणि तशी नसेल पण घरात जर्मन बोलतात असं असेल तर ऑ पेअर त्या पालकांच्याच देशाची नको. नवरा-बायको दोघं भारतातून गेलेली आणि घरात मराठी, अशा घरी तुम्हाला ऑ पेअरचा व्हिसा मिळणार नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे चार महिने यात वाया गेले, करार झाला होता, खोलीचे फोटो आले होते, आणि शेवटी नकार.

तपासा: वय, नातं, घरातली भाषा. तिन्ही नियमात बसत असेल तरच पुढे.

पायरी २: ए१ हातात घ्या, आणि त्याच्या पुढेही थोडं जा

व्हिसासाठी ए१, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीचं, मान्यताप्राप्त सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडे बहुतेक जण गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा देतात, म्हणजे पुण्यात बोट क्लब रोडचं किंवा मुंबईत काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन. क्लास कुठेही करा, खासगी केला तरी चालतो, पण क्लासचं सर्टिफिकेट आणि परीक्षेचं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्हिसाला परीक्षेचंच लागतं. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि १०० पैकी ६० ला पास. परीक्षेच्या जागा पटकन भरतात, म्हणून क्लास संपायची वाट न बघता तारीख आधी बुक करा.

पण ए१ वर घर चालत नाही हे मनापासून सांगते. पुस्तकात तुम्ही हॉटेलात खोली कशी बुक करायची ते शिकता, आणि तिथे सकाळी सव्वासातला तीन वर्षांचं मूल एक मोजा हातात धरून जमिनीवर झोपलेलं असतं आणि तुम्हाला त्याला सांगायचं असतं की बाळा चल, उशीर होतोय. त्यासाठीची भाषा वेगळी. निघायच्या आधी वीस-तीस वाक्यं तोंडपाठ करा: हात धू, जॅकेट घाल, रस्त्यावर माझा हात सोडायचा नाही, हळू, गरम आहे, शू आली का, कुठे दुखतंय, आईला विचारू या. रोज मोठ्याने म्हणा. मी हे केलं नव्हतं आणि पहिले तीन आठवडे मी मुलांशी हातवाऱ्यांनी बोलले, मुलं समजून घेतात पण रस्ता ओलांडताना हातवारे कामाचे नाहीत.

लक्ष द्या: परीक्षा व्हिसाच्या अर्जाच्या जितकी जवळ तितकी बरी. कॉलेजात असताना चार वर्षांपूर्वी दिलेलं ए१ दाखवलं आणि बोलताना एक वाक्य येईना, तर अर्ज तिथेच लंगडा पडतो.

पायरी ३: फॅमिली शोधणं

दोन मार्ग, एजन्सी किंवा स्वतः वेबसाइटवर प्रोफाइल टाकून. एजन्सी असली की बिनसल्यावर मधे बोलायला कोणीतरी असतं, म्हणून पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्यांना मी एजन्सीच सुचवते. जर्मनीतल्या एजन्सीला ऑ पेअरकडून जास्तीत जास्त १५० युरोच घेता येतात. इथे कुणी "पॅकेज"च्या नावाखाली दीड-दोन लाख मागत असेल तर तिथून उठा, सरळ उठा.

स्वतः शोधत असाल तर फसवणूक ओळखायची खूण सोपी आहे. खरी फॅमिली तुमच्याकडे पैसे मागत नाही. वकिलाची फी, कागद रजिस्टर करायचे पैसे, "आम्ही नंतर परत देऊ" वाली आगाऊ रक्कम, यातलं काहीही आलं की बोलणं बंद. पहिल्याच मेलमध्ये महिना हजार युरो देऊ म्हणणारे, व्हिडिओ कॉल टाळणारे, ज्यांच्या मुलांचे फोटो मासिकातल्यासारखे दिसतात ते, यांच्यापासून लांब राहा.

कमीत कमी तीन व्हिडिओ कॉल करा. पहिल्यात आई-बाबा, दुसऱ्यात मुलं, तिसऱ्यात घर आणि तुमची खोली. खोली तुमची स्वतःची पाहिजे, घरातच, खिडकी आणि हीटिंग असलेली. दिवाणखान्यातला सोफा किंवा मुलांच्या खोलीतला पलंग म्हणजे स्वतःची खोली नाही. आणि हे प्रश्न लाजू नका, विचाराच:

- मंगळवारचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो ते सांगा. ("साधारण किती काम" असं विचारलंत की "फार नाही" असं उत्तर येतं, एका दिवसाचं विचारलंत की खरं काय ते कळतं.)
- आधीची ऑ पेअर होती का, तिचा नंबर मिळेल का? ती वेळेआधी गेली असेल तर का?
- जवळचं स्टेशन किंवा बस स्टॉप किती लांब, रविवारी शेवटची बस किती वाजता?
- भाषेचा क्लास कुठे आहे, तिथे मी कशी जाणार?
- मी शाकाहारी आहे, माझ्यासाठी वेगळं शिजवलं तर चालेल ना?
- मी गाडी चालवावी अशी अपेक्षा आहे का?

गाडीचं थोडं सविस्तर सांगते. भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, सोबत भाषांतर किंवा आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट ठेवावं लागतं. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि मागे दुसऱ्याची मुलं बसलेली असतात. ज्यांनी इथे फक्त लायसन्स काढून ठेवलंय आणि गाडी कधी चालवली नाही त्यांनी "हो येते" म्हणू नये, अजिबात नाही.

आधीच्या ऑ पेअरशी बोलणं हे या सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या आधीच्या मुलीने मला वीस मिनिटांत जे सांगितलं ते फॅमिलीने तीन कॉलमध्ये सांगितलं नव्हतं, मोठ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे पण तिच्याकडूनच कळलं. मी बॅगेत शेंगदाण्याची चटणी भरणार होते.

पायरी ४: करार वाचून सही करा

आईबाबांना वाटतं फॅमिली चांगली आहे तर करार म्हणजे नुसती औपचारिकता. तसं नाही, व्हिसा याच कागदावर मिळतो आणि उद्या काही झालं तर दाखवायला हाच कागद असतो. जर्मनीत ऑ पेअरच्या अटी ठरलेल्या आहेत, करारात त्याच दिसल्या पाहिजेत:

- हातखर्च, ज्याला तिथे टाशनगेल्ट म्हणतात, महिना २८० युरो. राहणं-जेवण वेगळं, ते फुकट.
- भाषेच्या क्लाससाठी फॅमिलीकडून महिना ७० युरो.
- काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३० तास. रात्री आई-बाबा बाहेर गेले आणि तुम्ही झोपलेल्या मुलांपाशी थांबलात तर तेही यातच मोजतात.
- आठवड्याला दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, आणि महिन्यात निदान एक रविवार मोकळा.
- वर्षभर राहिलात तर चार आठवडे सुट्टी, तेव्हाही हातखर्च चालू.
- आजारपण, अपघात याचा विमा फॅमिली काढते आणि पैसे तीच भरते.
- करार मोडायचा असेल तर किती दिवस आधी सांगायचं. बहुतेक करारांत १४ दिवस असतात.

विमानाचं भाडं साधारणपणे आपलं आपण भरायचं असतं, कुणी देत असेल तर उत्तमच पण धरून चालू नका.

काम काय याचीही नीट कल्पना पाहिजे. मुलांना उठवणं, खायला देणं, शाळेत सोडणं-आणणं, त्यांच्याशी खेळणं, त्यांचे कपडे धुणं, स्वयंपाकघर आवरणं, हे तुमचं. सगळ्या घराची फरशी, खिडक्यांच्या काचा, आजीची शुश्रूषा, आईच्या ऑफिसची कामं, हे तुमचं नाही. आणि २८० युरो हा पगार नाही हे स्वतःला आणि घरच्यांना पहिल्यापासून सांगा. इथून कर्ज काढून जायचं आणि तिथून हप्ते फेडायचे असा हिशोब कोणी करत असेल तर तो बसणारच नाही. हा व्हिसा फक्त ऑ पेअरचा आहे, कॅफेत संध्याकाळी काम करून पैसे जोडता येत नाहीत.

तपासा: करारात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दोघांच्या सह्या, तुमचं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, यावरून घोडं अडतं.

पायरी ५: व्हिसा

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचा अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. ज्या आठवड्यात अर्ज करणार त्याच आठवड्यात त्यांच्या वेबसाइटवरून ऑ पेअरची चेकलिस्ट डाउनलोड करा, मैत्रिणीने गेल्या वर्षी वापरलेली नको. हा लांब मुदतीचा नॅशनल व्हिसा आहे, फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची. टुरिस्टचा शेंगेन व्हिसा घेऊन जायचं आणि तिथे जाऊन बदलून घ्यायचा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तसं होत नाही.

साधारण हे कागद लागतात: पासपोर्ट, अर्ज, फोटो, सही झालेला करार, ए१ चं सर्टिफिकेट, बायोडेटा, मी का जातेय याचं पत्र, विम्याचा पुरावा. विद्यार्थ्यांसारखं ब्लॉक अकाउंट (राहण्या-खाण्याचा खर्च आधीच अडकवून ठेवायचं बँक खातं) यात लागत नाही, कारण राहणं-जेवण फॅमिली देते. तरीही काही एजंट ते उघडायला लावून मधे कमिशन घेतात, सावध राहा.

पत्राबद्दल दोन शब्द. नेटवरचं पत्र उचलून नाव बदलून देऊ नका, अधिकारी रोज तीच पत्रं वाचत असतात. एक पान पुरे: जर्मन कधीपासून आणि का शिकताय, मुलांचा अनुभव काय (भाचीला सांभाळलं असेल, शिकवण्या घेतल्या असतील, बालवाडीत काम केलं असेल, खरं ते लिहा), हीच फॅमिली का, आणि वर्षानंतर पुढे काय करणार. शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात आणि नेमका तोच विचारतात.

काउंटरवर जर्मनमध्ये साधे प्रश्न येऊ शकतात. मुलांची नावं, वयं, गाव कुठलं, फॅमिली कशी सापडली. पाठ केलेलं पोपटासारखं बोलू नका, अडलं तर थांबा आणि परत विचारा, ते चालतं.

लक्ष द्या: कागद तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसकडेही जातात, त्यामुळे वेळ लागतो. करारातली सुरुवातीची तारीख आणि अर्ज यात तीन महिने तरी ठेवा. पासपोर्टवर व्हिसा चिकटून हातात येईपर्यंत न बदलता येणारं तिकीट काढायचं नाही. स्वस्त तिकीट पुन्हा कधीतरी सापडतं, बुडालेले पन्नास हजार परत येत नाहीत.

व्हिसा हातात आला की काउंटरवरच वाचा. नाव, जन्मतारीख, आणि कधीपासून कधीपर्यंत. तो पूर्ण वर्षाचा आहे की काही महिन्यांचाच, ही तारीख पुढे पायरी ७ ला लागणार आहे.

पायरी ६: निघण्याआधीचा महिना

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या. हे मी पहिलं लिहितेय कारण हे कुणीच करत नाही. ऑ पेअरच्या विम्यात आधीपासूनचे आजार आणि दातांची मोठी कामं बहुतेक धरत नाहीत, आणि तिथे रूट कॅनाल करायची वेळ आली तर कितीतरी महिन्यांचा हातखर्च त्यात जातो. चष्म्याचा नंबर तपासून एक जास्तीचा चष्मा घ्या. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत.

मोबाइल. भारतातल्या बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात, तो नंबर बंद पडला की स्वतःच्याच पैशाला हात लावता येत नाही. निघायच्या आधी रोमिंग चालू करून घ्या आणि छोटा रिचार्ज चालू ठेवा, घरच्यांना त्याची तारीख लिहून द्या.

बॅगेत काय न्यायचं यावर घरी भांडण होणारच. बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे आईने कढवलेलं तूप, पेढे, बर्फी हे सगळं कस्टमला पकडलं तर कचऱ्यात जातं. ओला कढीपत्ता, आंबे हेही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. गोडा मसाला, कोरड्या डाळी, पोहे, मेतकूट यांना अडचण नाही. भांडी नेऊ नका, एक छोटा कुकर फार तर, तोही फॅमिलीला विचारून, कारण तिथल्या बऱ्याच शेगड्यांवर ॲल्युमिनियमचं भांडं तापतच नाही.

थंडीचे कपडे इथून ढीगभर घेऊ नका, एक चांगलं जॅकेट आणि आतले गरम कपडे पुरे, बाकी तिथे सेकंडहँड दुकानात छान मिळतं. पावसाळी बूट मात्र लागतात, मुलं पाऊस असला तरी बाहेर खेळतात आणि तुम्हाला सोबत उभं राहायचं असतं.

सोबत ३०० ते ५०० युरो ठेवा, थोडे रोख बाकी फॉरेक्स कार्डवर. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स, एक बॅगेत एक घरी, आणि मेलवर स्कॅन.

पायरी ७: पहिले १४ दिवस, कागदांचे

पोचल्यावर सगळे लाड करतात, गाव दाखवतात, आणि त्यात कागद मागे पडतात. या क्रमाने करा.

पहिल्या दिवशी: पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावून घ्या. जर्मनीत पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत पाठवतो. बँकेचं कार्ड, टॅक्स नंबर, ऑफिसची पत्रं, सगळं पोस्टानेच येतं. माझ्या बँक कार्डाचं पाकीट दोनदा परत गेलं तेव्हा मला हे कळलं, शेवटी होस्ट मॉमने कागदाची पट्टी कापून "साबळे" लिहून सेलोटेपने चिकटवली आणि तिसऱ्या वेळी कार्ड आलं.

दोन आठवड्यांच्या आत: आनमेल्डुंग, म्हणजे या पत्त्यावर मी राहते अशी नोंद. ती गावच्या नगरपालिकेत किंवा शहरात ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांचं ऑफिस) होते. पासपोर्ट आणि घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. फॅमिली भाड्याच्या घरात असेल तर ते कोण सही करणार हे आधीच विचारून ठेवा. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून इथे असतानाच फॅमिलीला बुक करायला सांगा. नोंद झाल्याचा जो कागद देतात तो जपून ठेवा.

त्यानंतर: बँक खाते. नोंदीचा कागद आणि पासपोर्ट घेऊन जायचं. हातखर्च रोख घेण्यापेक्षा खात्यात घ्या, दर महिन्याची एक तारीख ठरवा.

मग आउसलेंडरबेहोर्ड, म्हणजे परदेशी नागरिकांचं ऑफिस. व्हिसा वर्षापेक्षा कमी मुदतीचा असेल तर राहण्याचं कार्ड इथून काढायचं, खर्च साधारण १०० युरो. व्हिसाची मुदत संपायच्या आत अर्ज पोचलाच पाहिजे. अपॉइंटमेंट पुढची मिळाली तरी हरकत नाही, अर्ज केल्याचा मेल हातात ठेवा.

भाषेच्या क्लासचं नाव पण याच काळात नोंदवा. जवळच्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षण केंद्रात, स्वस्त असतात, सत्रं बहुतेक सप्टेंबरच्या आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला सुरू होतात, एकदा गेलं की चांगला क्लास मिळायला थांबावं लागतं.

प्रवासाला डॉइचलांडटिकेट आहे, देशभर लोकल गाड्या आणि बस चालतात, २०२६ च्या जानेवारीपासून महिना ६३ युरो. ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगावं लागतं. २८० मधून ६३ म्हणजे बरेच झाले, बऱ्याच फॅमिली हे भरतात, करार करतानाच विचारा.

तपासा, १४ व्या दिवशी: पेटीवर नाव, नोंदीचा कागद, विमा पोचल्या दिवसापासून चालू असल्याचं पत्र, पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख.

पायरी ८: घरातला पहिला महिना

पहिल्या आठवड्यात मुलांना एकटीने सांभाळायला घेऊ नका. आई किंवा बाबा सोबत असताना दोन-तीन दिवस नुसतं बघा. दात घासायला कसं तयार करतात, झोपताना कुठली गोष्ट, रडलं तर काय करतात, टीव्ही किती वेळ, गोड कधी. वहीत लिहा.

दुसरं, शाळा आणि बालवाडीत तुमचं नाव लेखी दिलंय का ते विचारा. मी तिसऱ्या दिवशी धाकट्याला आणायला गेले, तो चिखलाची रबरी पँट घालून फाटकाच्या आत माझ्याकडे बघत उभा, एका हातात ओली पानं, आणि ताई मला आत येऊ देईनात. त्यांचं बरोबरच होतं, आई-बाबांनी माझं नाव लिहून दिलं नव्हतं, मूल अनोळखी बाईच्या हातात त्या कशा देतील. त्याच्या बाबांना ऑफिसातून यावं लागलं. त्याला वाटलं मीच त्याला न्यायला नको म्हणतेय, घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. एका सहीचं काम होतं.

आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजवर लावा. रविवारी संध्याकाळी फॅमिलीबरोबर बसून पुढचा आठवडा भरा: कुठल्या वेळी तुम्ही, कुठल्या वेळी ते, बेबीसिटिंगची रात्र कुठली, तुमची सुट्टी कुठली. शेवटी तासांची बेरीज. ३० च्या वर गेली की तिथेच दिसते, आणि जास्तीचे तास पुढच्या आठवड्यात कमी करून घेता येतात.

आपल्या मुली इथे फार चुकतात आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आपल्याकडे मोठ्यांसमोर "मला जमणार नाही" म्हणायची सवय नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुणी "पाच मिनिटं बघतेस का याला" म्हटलं की आपण हो म्हणतो, पाच मिनिटांचे दोन तास होतात, असं महिनाभर चालतं, आपण खोलीत जाऊन रडतो, आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगतो आणि एक दिवस भडका उडतो. फॅमिलीला तोपर्यंत काही माहीतच नसतं, त्यांना खरंच वाटत असतं की तुम्ही खुशीने करताय. जर्मन लोक सरळ बोलतात आणि तुम्हीही सरळ बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. "आज माझी सुट्टी आहे, मी बाहेर जातेय" हे वाक्य उद्धट नाही. भीड भिकेची बहीण, हे आजी उगीच म्हणत नव्हती.

उलट बाजूही आहे. सुट्टी नाही त्या वेळेत फोनवर राहू नका. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे आहे, म्हणजे घरच्यांचा निवांत फोन यायची वेळ नेमकी मुलं शाळेतून यायची वेळ असते. आईबाबांना वेळ ठरवून द्या.

घरातल्या बारीक गोष्टी: कचरा वेगवेगळा टाकायचा, कागद वेगळा, ओला वेगळा, प्लास्टिक-डबे वेगळे, कुठला कधी नेतात त्याचं कॅलेंडर असतं. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच आणून ठेवा. रात्री दहानंतर शांतता. फोडणी देताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावा. मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका, विचारल्याशिवाय एकही नाही, यावरून एका मुलीला घर सोडावं लागलंय.

नंबर पाठ: आग आणि ॲम्ब्युलन्स ११२, पोलीस ११०, रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही तर ११६११७.

पायरी ९: बिनसलं तर

घरची आठवण येणं आणि घर चुकीचं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या सहा आठवड्यांत रडू येतं, जेवण जात नाही, नोव्हेंबरमध्ये पाच वाजता अंधार पडला की जीव कासावीस होतो, हे जवळपास सगळ्यांना होतं. त्यावर उपाय म्हणजे घराबाहेर पडणं, क्लासमधल्या मुली, इतर ऑ पेअर. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिनसारख्या शहरांत मराठी मंडळींचे गणपती, दिवाळी होतात, एकदा जाऊन या.

पण तास रोज वाढतायत, हातखर्च अडकतोय, जेवणात कमीजास्त करतायत, तर हा क्रम: आधी बसून बोला, ते जमलं नाही तर लेखी मेल करा, मग एजन्सीला कळवा, आणि मग करारात लिहिलेल्या दिवसांची नोटीस द्या. फॅमिली बदलता येते. नवीन करार करून आउसलेंडरबेहोर्डला कळवायचं, आणि उरलेले महिनेच मिळतात, वर्ष नव्याने सुरू होत नाही. नवीन घर सापडायच्या आत रागाने बाहेर पडू नका, व्हिसा त्या घराशी जोडलेला आहे.

एक अपवाद. कुणी अंगाला हात लावला, कोंडलं, धमकावलं, तर नोटीस वगैरे काही नाही, बाहेर पडा आणि ११० ला फोन करा. बायकांसाठी ११६०१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू असते. आपला दूतावास बर्लिनला आणि वाणिज्य दूतावास फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला आहेत. पासपोर्ट कुणाकडेही "सांभाळायला" द्यायचा नाही, होस्ट फॅमिलीकडेसुद्धा नाही.

पायरी १०: वर्ष संपताना

पुढे तिथेच आउसबिल्डुंग (एखाद्या कामाचं प्रशिक्षण), शिक्षण किंवा स्वयंसेवेचं वर्ष करायचं असेल तर सहाव्या-सातव्या महिन्यातच कामाला लागा. जर्मनची बी१, बऱ्याच ठिकाणी बी२ पातळी मागतात, आणि ते अकराव्या महिन्यात होत नाही. नवीन परवान्याचा अर्जही जुना संपायच्या आत.

परत येणार असाल तर घर सोडायच्या फार तर एक आठवडा आधी नगरपालिकेत जाऊन नाव कमी करून घ्या, डॉइचलांडटिकेट आणि मोबाइल वेळेत बंद करा, आणि फॅमिलीकडून अनुभवाचं पत्र सही-तारखेसह मागून घ्या, मुलांची वयं आणि तुम्ही काय काय केलंत हे त्यात लिहायला सांगा. बँक खातं शेवटी बंद करायचं, शेवटचा हातखर्च जमा झाल्यावर.